कंपनीचा सायलेन्सर आणि आयव्हरचा

मर्विन गिटिन्सनं चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले, आणि त्या सगळ्या काळात लोकांनी त्याच्या हातांपेक्षा त्याच्या कानांचंच जास्त कौतुक केलं. शेतकरी फोन इंजिनाजवळ धरायचे आणि मर्विन दुकानात बसल्या बसल्या सांगायचा, पंप गेलाय की बेअरिंग. क्लन नदीच्या खोऱ्यात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. त्यामुळे हॉलिन बँक नावाच्या टेकडीवरच्या नेमबाजी क्लबात आवाजावरून तंटा उभा राहिला, तेव्हा निवाडा कुणी करायचा हा प्रश्नच आला नाही.

तंटा असा होता. क्लबाची वीस-बावीस माणसं दर रविवारी सकाळी टेकडीच्या उतारावर छऱ्याच्या बंदुकांनी लोखंडी पाट्या पाडायची. उताराखाली कुंपणापलीकडे हिलरी कॅडवॉलडरबाईंचा तबेला. दोन घोड्या, एक तट्टू, आणि रविवारी घोडेस्वारी शिकायला येणारी मंडळी. क्लबानं दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या आठ नव्या बंदुका घेतल्या आणि बाईंची तक्रार आली : घोड्या बुजतात. जमिनीच्या मालकानं सरळ सांगितलं, शेजारीण खूश राहिली पाहिजे, नाहीतर दुसरं शेत बघा.

नव्या बंदुकांच्या तोंडाशी कंपनीचा सायलेन्सर होताच. छोटा, काळा, सुबक. पण आयव्हर बेडोजचं म्हणणं, तो नुसता दिखाऊ डबा आहे. "आत प्लॅस्टिकच्या दोन चकत्या. हवा आपटते आणि फट् करून बाहेर. हवेला आत जरा रेंगाळायला लावलं पाहिजे." आयव्हर मर्विनचा शाळेपासूनचा मित्र, जन्मभर लेथवर लोखंड कातलेला. त्यानं आपल्या शेडमध्ये स्वतःचा सायलेन्सर बनवला. वीतभराहून लांब नळी, आत बायकोचे केस कुरळे करायचे रोलर, त्यांवर जाड फेल्ट गुंडाळलेलं, आणि मागे एक मऊ स्प्रिंग.

"आयव्हर, मग मेव्हिसच्या केसांचं काय आता?" कुणीतरी विचारलं.

"ती म्हणते, सत्तरीनंतर सरळच बरे."

सगळे हसले, पण कॉलिन स्पीक हसला नाही. त्याला ती लांब नळी बघवत नव्हती. बंदूक पुढून जड होते, कुंपणात अडकते, आणि कंपनीची हमी असताना केसांच्या रोलरवर कशाला भरवसा ठेवायचा, असं त्याचं मत. शेवटी क्लबाची सेक्रेटरी डेनिस प्यू हिनं तोडगा काढला. ताडपत्रीच्या आडून ती दहा गोळ्या झाडणार, पाच कंपनीच्या सायलेन्सरनं, पाच आयव्हरच्या, कुठला कधी ते तिलाच माहीत. मर्विननं खाली तबेल्यात बसून ऐकायचं आणि प्रत्येक आवाजाला दहापैकी आकडा द्यायचा.

मर्विनला त्या वेळी नाही म्हणता आलं असतं. दोन वर्षं तो बेरिलला, म्हणजे बायकोला, प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायला लावत होता. कान तपासायची वेळ तिनं दोनदा ठरवून दिली होती आणि दोन्ही वेळा तो दुसरीकडेच कुठेतरी वेळ घालवून परत आला होता. पण क्लबाच्या खोपटात सगळे त्याच्याकडे बघत होते आणि आयव्हर म्हणाला, "मर्विन असेल तर मला निकाल मान्य, मग तो कसाही लागो." मर्विननं मान डोलावली.

फेब्रुवारीतली कडाक्याची सकाळ होती. तबेल्याच्या दाराशी उलट्या बादलीवर बसून तो वर बघत होता. प्रत्येक गोळीआधी डेनिस लाल रुमाल वर करायची. पहिला रुमाल वर गेला, खाली आला. त्याला धप्प असा बसका आवाज आला, कुणी उशीवर मूठ मारावी तसा. त्यानं चार लिहिले. दुसरा रुमाल. काहीच नाही. पण शेजारच्या कप्प्यातल्या तांबड्या घोडीनं एकदम मान उडवली आणि कान मागे पाडले. माशी असेल, असं त्याच्या मनात आलं, आणि फेब्रुवारीत माशी कुठली, हेही लगेच आलं. त्यानं शून्य लिहिलं, ते खोडून एक केलं.

तिसरा, चौथा, पाचवा. धप्प ऐकू यायचं तेव्हा घोडी गवत चघळत राहायची. काहीच ऐकू यायचं नाही तेव्हा ती दचकायची. सहाव्या वेळी तिनं दाराला लाथ मारली. कर्कश, टोकदार आवाज आपल्या कानांनी केव्हाच सोडून दिलेत, हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं. तिथंच उठून वर जायला हवं होतं. तो बसून राहिला आणि दहाही आकडे लिहून काढले.

खोपटात डेनिसनं तिची यादी आणि त्याची यादी शेजारी शेजारी ठेवली. "कंपनीचा जवळजवळ मुका," ती म्हणाली. "आयव्हरचा मोठा. पाचही वेळा."

"सांगितलं होतं ना मी," कॉलिन म्हणाला.

आयव्हरनं चष्मा काढून पुसला. "पाचही वेळा?"

"पाचही वेळा," मर्विन म्हणाला.

"तुझा कान म्हणतो, तर तसंच," असं म्हणून आयव्हरनं नळी रुमालात गुंडाळली आणि पिशवीत टाकली.

पुढचे दोन महिने मर्विननं तो विषय काढला नाही. रविवारी नेम धरायचा, चहा प्यायचा, घरी यायचा. घोडीचे ते मागे पडलेले कान मात्र त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी वरून ओळीनं पाच-सहा गोळ्या सुटल्या. खाली हिलरीबाई एका शिकाऊ बाईला खोगिरावर चढवत होत्या. तांबडी घोडी उसळली. शिकाऊ बाई वाचली, पण हिलरीबाई दगडी फरशीवर पडल्या आणि मनगट दोन ठिकाणी मोडलं.

त्याच आठवड्यात पबच्या मागच्या खोलीत क्लबाची सभा भरली. सगळे कावलेले होते. कॉलिन उठला. "त्या दिवशी तबेल्याच्या बाजूच्या शेवटच्या जागेवर आयव्हर होता. स्वतःची ती नळी लावून. मी बघितलंय."

"होतो," आयव्हर म्हणाला. "माझी बंदूक, माझी नळी. त्यावर बंदी नव्हती."

"आणि ती जास्त वाजते हे ठाऊक असताना! मर्विननं मोजलंय ते. का रे मर्विन?"

सगळ्यांनी मर्विनकडे बघितलं. आयव्हरनंही बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. नेहमीचा विश्वास होता, आणि तोच मर्विनला सोसवेना.

"सांग ना," आयव्हर म्हणाला. "माझ्या नळीनं घोडी बुजेल, असं खरंच वाटतं तुला?"

मर्विननं बिअरच्या ग्लासात बघितलं. "मी मोजलं ते मोजलं," तो पुटपुटला.

निर्णय झाला : चौकशी संपेपर्यंत आयव्हरनं क्लबात येऊ नये. आयव्हरनं टोपी घातली, खुर्ची नीट आत सरकवली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मर्विन स्वयंपाकघरात पेपर धरून बसला होता. बेरिल बागेतून धावत आत आली आणि तिनं गॅस बंद केला. किटली त्याच्यापासून हातभर अंतरावर शिट्टी मारून मारून कोरडी पडली होती. "अरे, शेजारच्या बाई कुंपणावरून विचारतायत, घरात कुणी आहे की नाही! आणि तू इथं बसलायस!"

त्यानं पेपर खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. बादली, रुमाल, घोडी, सभा.

"दोन वर्षं तुझ्याशी ओरडून बोलतेय म्हणून गल्ली मला भांडकुदळ समजते," बेरिल म्हणाली. "ते जाऊ दे. पण मला काय सांगतोस? आयव्हरला सांग."

आयव्हरच्या शेडमध्ये लेथ बंद होता. बाकावर चार सायलेन्सर उभे चिरून ठेवले होते. फेल्ट, रोलर, स्प्रिंगा, सगळं सुटं. मर्विन दारातच उभा राहून बोलला, कारण आत ये असं कुणी म्हटलं नाही.

ऐकून आयव्हरनं हातातली स्प्रिंग बाकावर ठेवली. मग मुद्दाम मोठ्यानं बोलला.

"कान गेले त्यात काय? माझे गुडघे गेलेत. मेव्हिसचं पित्ताशय गेलं. जातं सगळ्यांचंच काही ना काही."

"मला लाज वाटत होती रे."

"वाटू दे ना! मी कुठं नको म्हणतोय? फेब्रुवारीपासून मी माझ्याच नळ्या चिरून बघतोय, कुठं चुकलं म्हणून. मर्विननं ऐकलं म्हणजे खरंच असणार, असं धरून." त्यानं चिरलेली एक नळी उचलून मर्विनसमोर धरली. "आणि सभेत? तिथं तुला काही ऐकायचं नव्हतं. फक्त बोलायचं होतं. तू ग्लासात बघत बसलास."

मर्विन दारातून एक पाऊल मागे सरकला.

"माझ्याकडे काय आलास?" आयव्हर म्हणाला. "हात त्या बाईचा मोडलाय."

हिलरीबाई प्लास्टरमधला हात छातीशी धरून तबेल्याच्या दारात उभ्या होत्या. मर्विननं टोपी काढली. फेब्रुवारीतल्या पारखीत काय झालं ते त्यानं सांगितलं.

"थांबा, मिस्टर गिटिन्स," त्या म्हणाल्या. "तुम्ही माझ्याच तबेल्यात वही घेऊन बसला होतात, आणि तुम्हाला ऐकू येत नव्हतं?"

"निम्मं येत नव्हतं, बाई. घोडी दचकत होती तेवढं दिसत होतं."

"म्हणजे ती तुम्हाला पाचही वेळा उत्तर सांगत होती." त्या हसल्या, पण ते हसू त्यांच्या डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "आणि तुम्ही दुसरंच लिहिलंत."

"हो."

त्यांनी त्याला चहा विचारला नाही. मात्र रविवारी स्वतः घोडीजवळ उभं राहून पुन्हा पारख करायला त्या तयार झाल्या. आयव्हर आला नाही. नवी नळी त्यानं डेनिसच्या हाती पाठवली. कंपनीच्या सायलेन्सरला तांबडी घोडी पाचही वेळा बिथरली. आयव्हरच्या नळीला तिनं गवतातून तोंडसुद्धा वर काढलं नाही.

मग मर्विन खोपटासमोर सगळ्यांपुढे उभा राहिला आणि काय केलं ते सांगितलं. सभेतलंही सांगितलं. काही जणांनी बुटांकडे बघितलं. कॉलिन म्हणाला, "म्हणजे आम्ही बहिऱ्याच्या कानावर विसंबलो होतो?" आणि कुणी हसलं नाही. मर्विन म्हणाला, "नाही. खोटारड्याच्या."

मे महिन्यात आयव्हरनं क्लबासाठी आठ सायलेन्सर बनवले. ते लांब होते, पुढून जड होते, आणि कॉलिनची बंदूक कुंपणात अडकायची तेव्हा तो शिव्या घालायचा. शेत राहिलं. हिलरीबाईंचं मनगट पुरतं सरळ झालं नाही. लगाम आता त्या डाव्या हातात धरतात.

मर्विनला कानांत घालायची यंत्रं मिळाली. जूनमध्ये पाहुणा म्हणून आलेल्या एकानं कंपनीच्या सायलेन्सरची तसलीच बंदूक झाडली आणि मर्विन जागच्या जागी दचकला. कोरडा, चिरत जाणारा आवाज, जणू कुणी कानाशी फळी मोडली. अशाच आवाजाला त्यानं एक लिहिलं होतं. त्यानं स्वतःची बंदूक खाली ठेवली आणि खोपटामागे जाऊन बसला. यंत्रं काढून टाकावीत असं त्याला वाटलं. पण ती त्यानं तशीच राहू दिली.

आयव्हर आता दर रविवारी येतो. मर्विनशी बोलतो, पण कामापुरतं : छऱ्यांचा डबा दे, पाटी उभी कर, वारा डावीकडून आहे. घरी येत नाही, बोलावतही नाही. बेरिल विचारते, "काही बोलला का?" आणि मर्विन म्हणतो, "वाऱ्याबद्दल बोलला." सप्टेंबरात एकदा दोघंच पाट्या रंगवत होते. आयव्हरनं ब्रश थांबवून गुडघा चोळला. मर्विन उठला, स्वतःच्या बुडाखालचं स्टूल त्याच्याजवळ सरकवलं आणि ओल्या गवतात बसून उरलेल्या पाट्या रंगवू लागला. आयव्हरनं स्टुलाकडे बघितलं. जरा वेळानं तो त्याच्यावर टेकला.