छपरावरची वाकडी पॅनल

पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे डावं-उजवं सारखं नसलं की माझं डोकं फिरतं. व्हॅनच्या छपरावर सोलर पॅनल बसवतानाही मी तेच केलं. मधोमध हवेसाठीचं उंच झाकण, त्याच्या डावीकडे एक पॅनल, उजवीकडे एक, टेपने मोजून. खाली उतरून बघितलं आणि स्वतःवरच खूश झाले.

व्हॅन सासऱ्यांसाठी होती. त्यांनी जन्मभर ट्रक चालवला, आणि आता फुप्फुसं थकल्यावर खिडकीपाशी बसून दुसऱ्यांच्या गाड्यांना नावं ठेवत होते. झोपताना त्यांना श्वासाचं मशीन लागतं. नवरा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. या माणसाला पुन्हा रस्त्यावर न्यायचंच, असं मी ठरवून टाकलं होतं.

धाकट्या नणंदेने अट घातली. "वहिनी, घरातली वीज न घेता एक रात्र गाडीत मशीन चालवून दाखव. नाही जमलं तर बाबांना मी माझ्याकडे नेणार."

तिचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकदा वर चढवले की ते पुन्हा खाली येणार नव्हते, हे तिलाही कळत होतं.

गाडी आमच्याच अंगणात उभी करून ते आत झोपले. उजाडायच्या आत मशीन बंद पडलं. नणंदेने त्यांना धरून घरात नेलं, ते धापा टाकत होते. तिने त्यांची बॅग भरायला घेतली, तेव्हा मी तिच्याकडून आणखी एक रात्र अक्षरशः भांडून घेतली.

वायरिंग करून दिलेल्या इलेक्ट्रिशियनच्या नावाने बोटं मोडत मी छपरावर चढले आणि ऊन उतरेपर्यंत तिथेच बसले. सकाळी झाकणाची सावली एका पॅनलवर, दुपारनंतर दुसऱ्यावर. दोन्ही एकाच वायरीवर, त्यामुळे एकावर सावली आली की दोन्हीची वीज घटायची. बॅटरी दिवसभर अर्धपोटी राहत होती. बिचाऱ्या इलेक्ट्रिशियनचा काही दोष नव्हता.

"काय गं, सापडलं का?" सासऱ्यांनी खालून विचारलं.

"माझीच टापटीप नडली, बाबा."

"मग काढ की. बघत काय बसलीस?"

दोन्ही पॅनल मी मागच्या टोकाला नेऊन एकाला एक खेटून बसवली. एक तिरकं, एक कडेच्या बाहेर आलेलं. इतकं गबाळं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बॅटरी पोटभर भरू दिली आणि रात्री सासरे पुन्हा गाडीत झोपले. सकाळी ऊन खिडकीत आलं तरी मशीन चालू होतं. नणंद रात्रभर त्यांच्या पायाशी बसून होती. तिचे डोळे भरून आले.

"मशीनचं झालं गं वहिनी," ती म्हणाली. "पण बाबा परतच आले नाहीत तर?"

सासऱ्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला.

"नाही आलो तर गाडीवर आहे असं समज. तुझी आई रोज तेच समजून झोपायची."