पाहुणीने कामाला हात लावायचा नाही

रूटा दारात येऊन उभी राहिली तेव्हा सकाळचे दहा वाजत होते आणि बतूलबाई, गल्लीची लल्ला बतूल, पहाटेपासून राबत होती. दिवाणखान्यातल्या गाद्यांना धुतलेल्या चादरी चढल्या होत्या, बदामाच्या करंज्या भाजून झाल्या होत्या आणि सी तहामीला, म्हणजे नवऱ्याला, सदऱ्याची वरची गुंडी लावायला तीनदा सांगून झालं होतं.

रूटा लिथुआनियाची. वर्षभर अरबी शिकायला फेझ शहरात आलेली, आणि आजचा तिचा पहिलाच दिवस. सकाळी अभ्यासक्रमाच्या ऑफिसात स्वागताची भाषणं झाली, मग मुलींना एकेक घर वाटून दिलं. संध्याकाळी ऑफिसातली विदाद प्रत्येकीला फोन करून विचारणार होती, घर आवडलं का?

त्या फोनची बतूलने धास्तीच घेतली होती. गेल्या वर्षीची मुलगी 'एकटं वाटतं' म्हणाली आणि तिसऱ्या दिवशी बॅग उचलून दुसऱ्या घरी गेली. या खेपेला विदादने स्पष्टच सांगितलं होतं, "लल्ला बतूल, ही पण गेली तर तुमचं नाव यादीतून काढावं लागेल." दोन्ही लेकी लग्न होऊन लांब गेलेल्या, एक तांजियरला, एक अगादीरला. घरात बोलायला उरला सी तहामी, आणि तो बायकोपेक्षा रेडिओचं जास्त ऐकायचा. बतूलला पोर हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

"एकटं वाटतं म्हणे!" ती वर्षभर धुमसत होती. "मी काय कमी केलं होतं तिला?" विचार करकरून तिने निष्कर्ष काढला की पाहुणचारच कमी पडला. तेव्हा आता दुप्पट करायचा. तीन दिवस पाहुणीने काडी इकडची तिकडे करायची नाही हा या गल्लीचा रिवाज. बतूलने ठरवलं, आपण आठवडा करू.

रूटा चहाचे पेले उचलायला वाकली.

"अगं अगं, ठेव ते! बस तू."

रूटा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आली. "मावशी, मी आपणांस साहाय्य करू इच्छिते."

"मशिदीतल्या शुक्रवारच्या प्रवचनासारखं बोलते की ही," सी तहामी खूश होऊन म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. आणि पोरी, तू जा बघू, गादीवर आराम कर. पाठीला उशी घे. करंजी घे."

रूटा गेली. पाच मिनिटांनी पुन्हा आली. बतूलने तिला पुन्हा बसवलं आणि वर दिवाणखान्याचा पडदा ओढून दिला, निवांत वाटावं म्हणून. दुपारी जेवताना मांसाचे सगळे चांगले तुकडे पाहुणीच्या पुढ्यात सरकवले. रूटा हसली, पण कसंनुसं. नंतर पडद्याच्या फटीतून बतूलने पाहिलं, तर भल्यामोठ्या दिवाणखान्यात पोर एका कोपऱ्यात अंग चोरून बसली होती.

"थकली असेल," बतूल स्वतःशीच म्हणाली, पण तिला काही ते पटलं नाही.

तिसऱ्या प्रहरी बतूल नमाजाला उभी राहिली. उठून बघते तर दिवाणखाना रिकामा! दारातल्या चपला नाहीत, दार सताड उघडं. तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"सी तहामी! पोर गेली!"

"कुठे गेली?"

"कुठे म्हणजे? ऑफिसात! फोनचीसुद्धा वाट बघितली नाही तिने!" बतूल तशीच गल्लीत धावली.

आणि गल्लीच्या वळणावर तिला रूटा दिसली. कमरेवर पावांची फळी, गालाला भट्टीची राख, आणि तोंडभर हसू. सकाळी सी तहामी कणकेचे गोळे गल्लीच्या सामाईक भट्टीत भाजायला देऊन आला होता, ते आणायचे राहिले होते, आणि या बयेने ते हेरून ठेवलं होतं. दोन्ही बाजूंच्या दारांतून बायका बघत होत्या. बतूलच्या घरची पाहुणी, पहिल्याच दिवशी, फळी वाहतेय! बतूलला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

तेवढ्यात मागून शेजारीण रकिया ओरडत आली. "लल्ला बतूल! तुझ्या पाहुणीने माझे पाव पळवले गं!"

बतूलने पावांवरचं फडकं उचललं. पाव कसले, पुनवेचे चंद्र होते. टम्म फुगलेले, सगळीकडून सारखे. रकियाचेच.

"तिथे कुणीच नव्हते," रूटा गोंधळून म्हणाली. "भट्टीवाले काका प्रार्थनेला गेले होते. मी सर्वांत सुंदर पाव निवडले. मला वाटले, ते आपलेच असणार."

रकियाचा राग जागच्या जागी विरघळला. "ऐकलंस ना?" ती गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "सर्वांत सुंदर!"

आता मात्र बतूलचा तोल गेला. पाहुणचार, रिवाज, फोन, सगळं एका झटक्यात विसरून ती कडाडली, "डोळे आहेत की बटणं? आपल्या पावावर काट्याने तीन टोचे असतात, तीन! विचारता येत नव्हतं? न सांगता घरातून जातं का कुणी? माझा जीव गेला असता इथे! चल, हे परत ठेवून ये, आपले घेऊन ये, आणि येऊन गाजरं चिर. नुसती बसून राहिलीयेस सकाळपासून!"

बोलून गेल्यावर बतूलने जीभ चावली. संपलं सगळं. रूटा मात्र "हो मावशी" म्हणाली आणि फळी सावरत जवळजवळ पळतच गेली.

फोन आला तेव्हा दोघी स्वयंपाकघरात होत्या. रूटाचे हात गाजरांनी ओले, म्हणून तिने फोन ओट्यावर ठेवून बोटाने स्पीकर लावला.

"काय गं रूटा, घर कसं आहे?" विदादचा आवाज.

"दुपारी मी ठरवले होते की घर बदलून मागावे," रूटा म्हणाली. बतूलच्या हातातली सुरी थांबली. "मला वाटले, मी यांना नको आहे. मावशी मला कोठेच येऊ देत नव्हत्या."

"मग?"

"मग मावशी मला रागावल्या. पुष्कळ रागावल्या. सर्वांसमोर."

"अरे देवा! थांब, उद्याच बदलते मी घर."

"नको, नको!" रूटा घाईघाईने म्हणाली. "माझी आईसुद्धा अशीच रागावते. पाहुण्यांवर ती कधीच रागावत नाही."

पोरीला जवळ घ्यावं, काहीतरी गोड बोलावं असं बतूलला फार वाटलं. पण तिने रूटापुढचं गाजरांचं ताट ओढून घेतलं.

"ही काय गाजरं चिरलीस? एवढे जाड तुकडे शिजणार कधी? परत कर सगळी!"

रूटा फोनकडे वाकली. "ऐकलेत ना?" ती अभिमानाने म्हणाली.