उबेची बाजू

आमच्या मधूने मिनेसोटात घर घेतलं ते ऐंशी वर्षांचं जुनं, हे तिने आम्हाला सांगितलंच नव्हतं. कळलं ते २०१४च्या जानेवारीत, तिने फोटो पाठवले तेव्हा. शेजारच्या सगळ्या छपरांवर वीत-वीत बर्फ, आणि मधोमध हिचं छप्पर उघडंबोडकं. कडेला मात्र माणसाच्या उंचीचे बर्फाचे सुळे लटकत होते. दुसऱ्या फोटोत ऋचाची, म्हणजे आमच्या चार वर्षांच्या नातीची खोली. तिच्या पलंगावरच्या छताला परातीएवढा ओला डाग.

"हिच्याच छपरावर बर्फ का नाही हो?" मी विचारलं. असं काही दिसलं की त्याचा छडा लागेपर्यंत मला घास जात नाही.

आमचे हे एकदम खुलले. निशिकांतरावांना कुणी यंत्राबद्दल किंवा उष्णतेबद्दल विचारलं की दोन घास जास्त जातात.

"अगं, पडतो ना बर्फ. टिकत नाही. घरातली ऊब माळ्यातून वर निसटते आणि त्याला खालून वितळवते. ते पाणी उतरत कडेला येतं. तिथे खाली घर नाही, ऊब नाही, म्हणून पुन्हा गोठतं. त्याचा बांध होतो आणि मागचं पाणी छपरातून आत शिरतं."

"म्हणजे छप्पर बदलायचं?"

"छप्पर ठीक आहे. माळ्याला गोधडी घालायची."

मधूने माणूस ठरवलाच होता. तो माळ्यावरच्या फटी आधी बुजवणार आणि मग जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा नळीने हातभर जाड पसरणार. वर्तमानपत्रांचा भुगा! मला तर त्या माणसाला भेटावंसं वाटायला लागलं. पण यांचं समाधान होईना. स्काइपवर मधूला म्हणाले, "त्या भुग्यावर जाड प्लास्टिक अंथरायला सांग. सांधे चिकटपट्टीने बंद. छपराच्या कडेला बाहेरची हवा यायच्या वाटा असतील, त्याही बंद. ओल आत जाता कामा नये."

"बाबा, तो असलं काही बोलला नाही."

"नसेल बोलला. मी बोलतोय ना."

मी मनात म्हटलं, हे उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय. बारा महिने उकाड्याच्या आमच्या चोआ चू कांगमध्ये, नवव्या मजल्यावर बनियनवर बसलेला माणूस मिनेसोटाचं छप्पर दुरुस्त करतोय. पण तोंड मिटून बसले. थंड करायच्या कामात यांचा हात धरणारं कुणी नाही. तीस वर्षं फळं आणि मासे नेणाऱ्या जहाजांवर इंजिनिअर होते, आता इथल्या बंदरात तसल्याच जहाजांच्या दुरुस्तीवर देखरेख करतात. शीतकोठीच्या भिंतीला बाहेरून असं प्लास्टिक लागतं, हे मीही ऐकून ऐकून पाठ केलं होतं.

शनिवारी सकाळी मी बेडरूमची काच पुसायला घेतली. यांना एसीशिवाय झोप येत नाही, त्यामुळे सकाळी काच धुरकट झालेली असते. पुसते, पुसते, काही जाईना. मग लक्षात आलं की घाम बाहेरच्या बाजूला आलाय. आणि आदल्या दिवशी बोलता बोलता मधू खिडकी टॉवेलने पुसत होती ती आतून. मी स्वतः पाहिलं होतं.

"अहो, आपल्या काचेला घाम बाहेरून आणि मधूच्या काचेला आतून, हे कसं?"

"सोपंय. ऊब ज्या बाजूला, ओल त्या बाजूला. आपल्याकडे बाहेर गरम. तिच्याकडे आत."

"मग तुमचं प्लास्टिक?"

"प्लास्टिक उबेच्या बाजूलाच लावतात. म्हणून तर शीतकोठीला बाहेरून..."

वाक्य अर्धवट सोडून ते काचेजवळ आले. चहाचा कप तसाच हातात.

मला जरा वेळाने उमगलं. मधूच्या घरात ऊब खाली, खोल्यांमध्ये. स्वयंपाकाची वाफ, अंघोळीची वाफ, सगळी वर चढणार, भुग्यात शिरणार आणि वरच्या गारठलेल्या प्लास्टिकला अडणार. तिथे तिचं पाणी होणार. ओला भुगा कुजणार, भार वाढणार, आणि त्याच्याखाली ऋचाचा पलंग. यांनी तिचं घर शीतकोठीच समजलं होतं आणि प्लास्टिक उलट्या बाजूला सांगितलं होतं.

"त्यांच्याकडे आता शुक्रवारची संध्याकाळ," मी म्हणाले. "माणसं उद्या सकाळी येणार. फोन करा."

"तो माणूस जाणकार आहे. तो घालणारच नाही प्लास्टिक."

पडलो तरी नाक वर. मला संताप आला. "आणि घातलं तर? नातीच्या डोक्यावर आहे ते छत. तुम्ही करत नसाल तर मी करते."

त्यांनीच केला. मधूने लगेच उचलला.

"मधू, ते प्लास्टिकचं..."

"काळजी करू नका बाबा, घालतोय तो. आधी नाहीच म्हणत होता, लाकूड कुजेल म्हणाला. मी बरीच भांडले. म्हटलं, माझ्या वडिलांचं आयुष्य यात गेलंय. शेवटी माझ्याकडून लिहून घेतलं, काही झालं तर जबाबदारी माझी. केली सही."

हे माझ्याकडे बघायला लागले. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता. मला वाटलं, आता काहीतरी सारवासारव करतील.

"मधू, माझं चुकलं," ते म्हणाले. "त्या माणसाचं बरोबर होतं. तुला चुकीचं सांगितलं मी. आत्ताच्या आत्ता त्याला फोन कर, प्लास्टिक नको म्हणावं. कडेच्या हवेच्या वाटाही बुजवू नकोस, तो सांगेल तसं कर."



"करते," मधू म्हणाली. "पण बाबा, उद्या तो वर चढेल तेव्हा तुम्ही स्काइपवर याल ना? मला एकटीला काही कळत नाही त्यातलं."

यांनी चष्मा काढला, पुसला. "येईन," म्हणाले. "पण मी नुसता बघेन. बोलेल तो."