सळईला टांगलेला फोन

मी एक जुनी बांबूची शिडी आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर दमले आहे. अकरा पायऱ्या, त्यातल्या दोन तारेने आवळलेल्या. उन्हापावसात माझा रंग कधीच उडाला. शिडीचा जन्म तसा विचित्रच. सगळे तिच्यावरून वर जातात आणि ती मात्र जिथल्या तिथे. पण मी तक्रार करायला बसलेले नाही. एका फोनची गोष्ट सांगायची आहे, ती सांगितली की मी गप्प बसेन.

शहागडला हायवेच्या कडेला भुजंग नावाचा कारागीर बांबूकाम करायचा. त्याने दोन सरळसोट बांबू निवडले, त्यांना भोकं पाडली, पायऱ्या ठोकल्या आणि शेवटी स्वतः माझ्यावर उभा राहून दोनदा उडी मारून पाहिली. "हत्ती चढला तरी मोडनार न्हाई," तो म्हणाला. हत्ती काही आला नाही, तातेराव आले. त्यांनी मला टेम्पोवर आडवी बांधून घनसावंगी तालुक्यातल्या आपल्या वस्तीवर आणलं. गोदावरी तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

माझे कामाचे दिवस फार चांगले गेले. चिंचा पाडायला मी, मोसंबीच्या बागेत मी, विहाराला रंग द्यायला मी, जयंतीला निळ्या पताका बांधायलाही मीच. लग्नसराईत तर मला घरी टेकायलाच मिळत नसे. "झुंबरबाई, शिडी द्या वं," म्हणत माणसं घेऊन जायची आणि परत आणून द्यायला हमखास विसरायची. मग तातेरावांच्या बायकोचा, म्हणजे झुंबरबाईंचा, आवाज सगळ्या वस्तीत घुमायचा. तेव्हा मला भलताच भाव होता.

पुढे त्यांचा एकुलता एक मुलगा देवानंद, घरचा देवा, फौजेत भरती झाला. त्याच्या पगारातून घरावरचे पत्रे निघाले आणि स्लॅब झाला. जिना मात्र पुढच्या सुट्टीत बांधू म्हणून राहिला. पुढची सुट्टी आली आणि गेली, जिना राहिला तो राहिलाच. तेव्हापासून मी भिंतीला टेकून कायमची उभी आहे.

त्यात वस्ती खोलगट जागेत. घरात रेंज म्हणून नाही. देवानंदने घरभर, अंगणभर, अगदी गोठ्यातसुद्धा फोन फिरवून पाहिला. शेवटी स्लॅबवर, वरच्या मजल्यासाठी सोडून ठेवलेल्या लोखंडी सळयांपाशी, एका कोपऱ्यात रेंजच्या दोन कांड्या दिसल्या. त्याने जुन्या पँटच्या कापडाची पिशवी शिवून घेतली, आईचा साधा बटणांचा फोन तिच्यात घातला आणि पिशवी सळईला टांगली.

"माय, ह्यो हितंच राहू दे. चार्जिंगपुरता खाली ने. खाली नेला की मुका व्हतो," तो म्हणाला.

पण झुंबरबाईंचे गुडघे दुखरे. फोन वाजला की त्या अकरा पायऱ्या चढेपर्यंत रिंग संपून जायची. म्हणून मायलेकांनी एक रीत पाडली. देवानंद पहिली रिंग नुसती वाजू द्यायचा. मग दहा मिनिटं थांबून पुन्हा लावायचा. पहिली रिंग गुडघ्यांसाठी, दुसरी बोलण्यासाठी. यात कधी चूक झाली नाही.

तातेराव मात्र फोनसाठी कधीच वर चढले नाहीत. ते खाली उभे राहून मला दोन्ही हातांनी धरायचे.

"आवं, तुमी बी बोला की एखांद्या टायमाला," झुंबरबाई वरून म्हणायच्या.

"तू बोल. मी शिडी धरून राह्यलो," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. बापलेकांत भांडण नव्हतं बरं का. पण ज्याने जन्मात पोराशी 'चल' आणि 'जेव' यापलीकडे बोलणं केलं नाही, तो फोनवर बोलणार तरी काय! आणि मला धरायची काहीएक गरज नव्हती. मी काय पडणार होते थोडीच.

गेल्या वैशाखात सीमेवर लढाई पेटली. देवानंद तिकडेच होता. "माय, आमचे फोन जमा करून घेऊन राह्यले. काही दिस फोन न्हाई येनार. जिवाला घोर लावून घेऊ नको," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. घोर लावून घेऊ नको म्हणे! आईला असं सांगणं म्हणजे विस्तवाला गार हो म्हणून सांगणं.

एक दिवस गेला, दोन गेले. शेजारच्या बेबीनंदाच्या घरचा टीव्ही सकाळपासून ओरडत असायचा. तिच्या मोबाईलवर आलेलं काहीबाही ती येऊन सांगायची आणि मग झुंबरबाईंचा चेहरा पाहून "तसं समदं खरं नसतंय म्हना" असंही म्हणायची. झुंबरबाईंचं जेवण तुटलं. तातेराव शेतात जायचे आणि काही न करता परत यायचे.

चौथ्या दिवशी सकाळी फोन वाजला. झुंबरबाई पिठाच्या हातांनी तशाच माझ्यावर चढल्या. दुखरे गुडघे त्या दिवशी मला जाणवलेसुद्धा नाहीत. त्या वर पोचल्या आणि रिंग संपली. फोन हातात धरून त्या बसून राहिल्या. दहा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. दुपार झाली. दुसरी रिंग आली नाही.

बेबीनंदाने वर जाऊन नंबर पाहिला. अनोळखी होता. उलटा लावला तर लागेना.

देवानंद असता तर त्याने दुसरी रिंग केली असती. तो नव्हता, तर मग कोण होतं? हा प्रश्न नवराबायको दोघांच्याही मनात आला आणि दोघांनीही तो तोंडाबाहेर काढला नाही. फौजेतून कधी कधी पोराचा नाही, दुसऱ्याच कुणाचा फोन येतो, हे वस्तीत सगळ्यांनाच ठाऊक असतं.

त्यानंतर झुंबरबाई खाली यायला तयार होईनात. वैशाखातला स्लॅब म्हणजे तापलेला तवा. त्या डोक्यावर ओला पदर घेऊन सळईपाशी बसायच्या. तातेराव पाचव्या पायरीवर उभे राहायचे, हात उंच करून भाकरी आणि पाण्याचा तांब्या द्यायचे आणि लगेच उतरायचे. पुढची पायरी घ्यायचे नाहीत. माणूस का चढत नाही, हे शिडीला सगळ्यात आधी कळतं. त्यांना भीती वाटत होती, मित्रांनो. त्या फोनची.

सहाव्या दिवशी दुपारी झुंबरबाईंना ऊन लागलं. बेबीनंदाने आणि तिच्या नवऱ्याने, सूरजने, त्यांना कसंबसं माझ्यावरून खाली उतरवलं. तळपायांना कांदा चोळला, कैरीचं पन्हं पाजलं, अंगणात सावलीला निजवलं. जरा हुशारी आल्यावर ती दोघं आपल्या घरी गेली.

आणि दिवस कलताना वर फोन वाजला.

झुंबरबाई उठायला गेल्या आणि भिंत धरून तिथेच बसल्या. "आवं, जा. चढा. जल्दी!"

तातेराव माझ्यापाशी आले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. काढून घेतला. पुन्हा ठेवला. रिंग संपली.

"देवाची माय," ते म्हणाले, "त्यो नसला तर? दुसराच कुनी साहेब असला तर मी काय ऐकू?"

"नसला तरी ऐकावं लागंल," झुंबरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बसलेला होता. "माझे पाय चालले असते तर तुमाला म्हनले नसते."

तातेराव चढू लागले. मी चिंचेची पोती पेलली, गवंड्यांची घमेली पेलली, पण इतकं जड कुणी माझ्यावर कधी चढलं नव्हतं. प्रत्येक पायरीवर ते थांबत होते. मनात आलं, आपल्याला हात असते तर मागून लोटलं असतं. ते नवव्या पायरीवर असताना दुसरी रिंग सुरू झाली.

उरलेल्या दोन पायऱ्या त्यांनी कशा ओलांडल्या, मला कळलंच नाही. पिशवीतून फोन ओढून त्यांनी घाईत भलतंच बटण दाबलं आणि स्पीकर चालू झाला. म्हणून पुढचं मलाही ऐकू आलं आणि खाली अंगणातही.

"माय, पोचली का वर?"

देवानंदच होता. तातेरावांना धाप लागली होती. मायच धापा टाकतेय असं समजून पोरगा बोलत सुटला.

"बस, बस आधी खाली. मी बराबर हाय. परवा बी लावल्ता दुसऱ्याच्या फोनवरून, पन दुसरी रिंग करायच्या आधीच निघायचा हुकूम आला. माय, एक सांगू? बाबांना सांगू नको. लई भेल्तो गं. बिलकुल हातपाय गळाल्ते. बाबांना कळलं तर काय म्हनतील, फौजी मानूस अन् भेतो?"

तातेराव तापल्या स्लॅबवर मटकन बसले.

"देवा, मी हाय," ते म्हणाले.

तिकडे फोन कानाला घट्ट दाबल्याची खरखर ऐकू आली.

"मी बी भेल्तो रे," तातेराव म्हणाले. "तीन दिस झाले, ह्या शिडीवर चढायला भेऊन राह्यलो. तुह्या मायला उन्हात बसू दिलं, पन मी वर आलो न्हाई. तू भेलास तर काय झालं? भेऊन बी उभा हाईस ना तिथं?"

"बाबा," एवढंच देवानंद म्हणाला आणि रडू लागला. तातेरावही रडले, अगदी मोठ्याने, वस्तीला ऐकू जाईल असे. खाली झुंबरबाई भिंतीला टेकून डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या.

आता लढाई थांबली आहे. देवानंद अजून तिकडेच आहे, पण संध्याकाळी फोन येतो. तातेराव बहुतेक वेळा रिंग वाजायच्या आधीच वर जाऊन बसलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या रिंगची गरज पडत नाही. जिन्यासाठी वाळू येऊन पडली आहे. जिना झाला की मला गोठ्यामागे आडवं करतील. माझी हरकत नाही, दमलेल्याला आडवं व्हायला मिळालं तर बरंच असतं. फक्त पावसात टाकू नका, वरून एखादा पत्रा घाला. बांबूला वाळवी लवकर लागते.

आणि मित्रांनो, तुमच्याही घरात असं एखादं माणूस असेल, जे सगळ्यांचं बोलणं होईपर्यंत बाजूला उभं राहतं आणि स्वतः कधी बोलत नाही. त्याच्या हातात फोन द्या. ते नको म्हणेल. तरीही द्या.