सव्विसावी फेरी

लांब पल्ल्याची शर्यत माणसाला स्वतःची ओळख करून देते, असं म्हणतात. विमा कार्यालयातल्या कारकुनाला तिनं मेहुण्याची ओळख करून दिली.

शर्यत दहा हजार मीटरची, म्हणजे ट्रॅकला पंचवीस फेऱ्या. चाळीस मिनिटांच्या आत संपवली तर कार्यालयाच्या संघात जागा. पंचेचाळिशीनंतर संघात घेत नाहीत, आणि कारकुनाला पंचेचाळिसावं सरत आलेलं. पंच अपुरे, म्हणून प्रत्येकानं आपल्या फेऱ्या मोजायला माणूस घरून आणायचा, असा क्लबचा नियम होता. बायको म्हणाली, "माझ्या भावाला न्या की. दिवसभर लोळत असतो, तेवढीच हवा लागेल."

मेहुणा खुर्ची टाकून बसला. दहा फेऱ्यांपर्यंत त्यानं कागदावर इमानेइतबारे रेघा ओढल्या. अकराव्या फेरीला शेजारचा मोजणारा त्याचा शाळेतला मित्र निघाला.

कारकून आपला मनातल्या मनात मोजत होता. विसाव्या फेरीला पोटऱ्यांचे दगड झाले, तेविसाव्या फेरीला डोळ्यांपुढे काजवे चमकले. पंचविसावी संपवून त्यानं रेषा ओलांडली तेव्हा मैदानावरच्या घड्याळात एकोणचाळीस मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद झाले होते. नेमकी तेव्हाच मेहुण्यानं शेवटच्या फेरीची घंटा वाजवली.

"भावजी, अजून एक!"

"झाल्या पंचवीस!"

"कागदावर चोवीस आहेत."

"अरे गाढवा, पाय माझे आहेत!"

"असतील. पण कागद माझ्याकडे आहे ना."

मुख्य पंच आले. "मोजणाऱ्याचा आकडा अंतिम. पळायचं तर पळा, नाहीतर शर्यत सोडलीत असं लिहितो."

कारकून दात-ओठ खात पळाला. घड्याळ थांबलं बेचाळीस मिनिटं चार सेकंदांवर.

तेवढ्यात शेजारच्या मित्राला आठवलं. "काय रे, बाराव्या फेरीला तू मला बाळाचे फोटो दाखवत होतास. तेव्हा रेघ ओढलीस का?"

मेहुणा मनाचा सरळ. "भावजी, तुमचंच बरोबर होतं हं," असं म्हणून त्यानं राहिलेली रेघ तिथल्या तिथे ओढली आणि कागद पंचांना दिला.

पंचांनी रेघा दोनदा मोजल्या आणि निकालपत्रकात लिहिलं: सव्वीस फेऱ्या, दहा हजार चारशे मीटर, बेचाळीस मिनिटं चार सेकंद.

या अंतराची शर्यत नसते.