छपरीतली कोरडी लाकडं

पावसाळा तोंडावर आला की करंजझिरीत प्रत्येक घर एक मोठं वाळकं लाकूड मारुतीच्या ओट्यामागच्या छपरीत आणून ठेवतं. कशासाठी, ते कोणी बोलत नाही; पोरासोरांनाही ठाऊक असतं. सौंसरहून येणारी बस फाट्यावर सोडते. तिथून जंगलातली वाट आणि मध्ये नाला. नाल्याला पूर आला की रपटा, तो बुटका फरशीपूल, पाण्याखाली जातो आणि गाव अडकून पडतं. अशा दिवसांत कोणी गेलं, तर भिजलेल्या जंगलात कोरडं लाकूड शोधायचं कुठे? म्हणून ही छपरी. यंदा कोणाच्या वाट्याला, हे विचारायचं नाही, असा रिवाज.

यंदा न विचारताच सगळ्यांना ठाऊक होतं. म्हातारा गुणवंता उन्हाळ्यापासून खाटेला खिळला होता, अंगाचं पार पाप्याचं पितर झालं होतं. लोक येत, "आता बरं वाटून राहिलं ना, गुणवंताभाऊ?" म्हणत, आणि जाताना छपरीकडे एक नजर टाकत. त्याच्या बायकोला, वत्सलाला, ती नजर बरोबर दिसे आणि तिच्या अंगाचा तिळपापड होई. पण छपरीवर नवी ताडपत्री तिनंच घातली होती, आणि रोज सकाळी लाकडांना हात लावून तीच बघून येई.

गुणवंताला मरणाची भीती नव्हती. भीती होती ती ओल्या लाकडांची. त्याला मिसरूड फुटत होतं तेव्हा त्याचा बाप ऐन पावसात गेला. लाकडं ओली, वरून रॉकेल, त्याच्यावर पाऊस. चिता नुसती धुमसली. दुसऱ्या दिवशी राख भरायला गेला, तर बापाचे पाय तसेच होते. हे त्यानं उभ्या जन्मात एकदाच सांगितलं, वत्सलाला, लग्नानंतर. छपरीचा रिवाजही त्यानंच घरोघरी फिरून सुरू केला होता. लोकांना आता ते आठवतही नाही. लोकांचं असंच असतं.

"लाकडं कोरडी हायेत ना?" तो रोज विचारी.

"हायेत. आत्ताच हात लावून पाहून आली मी."

मग तो निवांत डोळे मिटायचा.

मग पावसाची झड लागली, आणि त्या झडीत शेजारच्या कुलदीपची बायको दामिनी अडली. सातवा महिना नुकताच सरला होता. कुलदीपनं टेकडीवर चढून दवाखान्याच्या गाडीला फोन लावला. गाडी आली खरी, पण रपट्याच्या पलीकडे. अंधार पडेपर्यंत ड्रायव्हर दिवे लावून थांबला आणि मग लांबूनच हात जोडून परत गेला. बिचारा तरी काय करणार? पाणी कमरेच्या वर होतं. शेवटी वत्सलानंच पदर खोचला. पोरगी झाली. तळहातावर मावेल एवढी, आणि रडणं मांजरीच्या पिलाचं.

सकाळ झाली तशी पोरगी गार पडू लागली. आईच्या छातीशी धरली, लुगड्यांत गुंडाळली, तरी हातपाय थंडच. शेक द्यावा, तर गावात कोणाकडे धड जळतण उरलं नव्हतं. चूल पेटवली की खोलीभर धूर, आणि पोरीचा श्वास अडकायचा. कुलदीपची आई शोभा रडून रडून जामसांवळीच्या मारुतीला नारळ बोलत होती. बोलता बोलता तिची नजर दारातून छपरीकडे गेली आणि तिनं ती लगेच खाली घातली.

वत्सलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती बाहेर पडली आणि छपरीपाशी जाऊन उभी राहिली. घरोघरच्या लाकडांवर धावड्याची लाकडं होती, एकाच्या जागी चार-पाच, गुणवंतानं मागच्या सालीच जंगलातून डोक्यावर आणलेली. तिनं हात लावला. कोरडी खडखडीत होती. तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं. आपल्या माणसानं जन्मभरात एकच गोष्ट मागितली, आणि तीही आपल्याच हातानं काढून द्यायची? मग तिनं ताडपत्रीची दोरी सोडली.

"वत्सलाबाई, हे काय करून राहिली तू?" ओट्यावर बसलेले मोरेश्वरबुवा ओरडले. "मेल्याचे लाकडं बाळंतिणीच्या घरात? अपशकुन होईन ना!"

"मेलं कोन, बुवा?" ती म्हणाली. "अजून तं कोनीच मेलं नाही."

तिनं पहिलं लाकूड खांद्यावर घेतलं.

शोभाच्या पडवीत लाकडं जाळायची, निखारे झाले की घमेल्यात भरून आत न्यायचे, असं सुरू झालं. धूर नाही, नुसती ऊब. निखारा विझू द्यायचा नाही, म्हणून कुलदीप आणि शोभा पाळीनं जागायचे. पोरगी हळूहळू दूध ओढायला लागली. इकडे छपरी रिकामी होत चालली, आणि पाऊस काही थांबेना.

"लाकडं कोरडी हायेत ना?"

"हायेत," वत्सला सांगायची आणि तोंड फिरवून घ्यायची. जन्मात नवऱ्याशी इतकं खोटं ती कधी बोलली नव्हती.

एका दुपारी ती त्याला पेज पाजत होती. दोन घोट घेऊन त्यानं वाटी बाजूला सारली.

"पोट्टी गरम हाये ना?" त्यानं विचारलं.

वत्सलानं वाटी खाली ठेवली. "कोनची पोट्टी?"

"दामिनीची. धावड्याचा वास ओळखू येते मले. मीच आनला होता."

"मालूम होतं, तं मंग रोज काऊन इचारत होते?"

तो दम घेत घेत बोलला. "इचारलं नसतं, तं तुले समजलं असतं, का याले मालूम हाये. मंग तुहा हात थांबला असता."

वत्सलानं त्याच्या उशाशी डोकं टेकलं आणि पोटभर रडून घेतलं. "गरम हाये," ती म्हणाली. "चांगली गरम हाये."

दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यांचा मुलगा अतुल नागपूरहून निघाला, तो नाल्याच्या पलीकडेच अडकला. छपरीत चार काटक्या उरल्या होत्या. माणसं अंगणात माना खाली घालून उभी होती.

"लाकडं नाही, तं पुरून माती द्या," वत्सला म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

मग मोरेश्वरबुवा घरी गेले, आणि परत आले ते खांद्यावर बैलाचं जू घेऊन. आढ्याला टांगून ठेवलेलं, वर्षानुवर्षं चुलीच्या धुरानं वाळलेलं. ते त्यांनी मुकाट्यानं खाली ठेवलं. त्यांच्यामागून एकेक जण घरी वळला. कोणी माळ्याचे वासे काढले, कोणी खाटेच्या कडेचे गाते, कोणी जुनी तिफण. शोभानं तर मागच्या दाराची फळी उचकटून आणली. जे जे घराच्या धुरात काळं झालं होतं, ते ते आलं.

बायकांनी मसणात जायचं नसतं. वत्सला गेली, आणि तिला अडवायची कोणाची हिंमत झाली नाही. अग्नी कुलदीपनं आणला, पोरीच्या घमेल्यातला, मडक्यात घालून. घरात बाळंतपणाची सोयर होती. कोणीतरी तसं पुटपुटलंही. "पाऊस गेल्यावर पाहू," कुलदीप म्हणाला. तो निखारा गुणवंताच्या धावड्याचाच होता.

वर चौघांनी ताडपत्री ताणून धरली. धुरात वाळलेली लाकडं, ती लगेच धडधडली. चौघांनी ताडपत्री आणखी उंच धरली. लोक घरी गेले. वत्सला दगडावर बसून राहिली, पायांच्या बाजूला.

सगळं जळून खाली बसलं तेव्हा ती उठली आणि काठीनं राख बाजूला करून बघितली. पायांच्या जागी राखच होती.

"कोरडी होती, बरं का," ती म्हणाली.