फाटका कोपरा

मॅट्रिक झालो आणि लेखक व्हायचं ठरवलं. नागपूरच्या एका मासिकाला गोष्ट पाठवायची म्हणून तीन दिवस धामणगावच्या घरी ओसरीवर बसून होतो. ओळ सुचेना. लढाईनं कागद महागलेला, तरी मी त्याचे कोपरे फाडून गोळ्या वळत होतो. तसलाच एक खोडाखोड केलेला कागद वाऱ्यानं शेजारच्या गोजरकाकूच्या अंगणात गेला.

काकूला वाचता येत नव्हतं. पण कोपरा फाडलेलं पत्र मरणाची बातमी आणतं, हे तिला ठाऊक होतं. कागद छातीशी धरून ती रडतच आली.

"माहा दादा गेला का रे?"

देऊळगाव राजाच्या या भावाशी ती बारा वर्षं बोलली नव्हती.

"कोनी नाही गेलं, काकू. कोपरा मीच फाडला."

ती मटकन खाली बसली. आता शिव्या पडणार, असं मला वाटलं.

"मंग लिही त्याले," ती म्हणाली. "बांधावरचा आंबा तुलेच राहू दे, पन लोणच्याले कैऱ्या घिऊन तूच ये."

ती सांगत गेली. तीन दिवस अडलेला माझा हात थांबेना. पाठपोट कागद भरला.

पत्र हातात घेतल्यावर काकूनं आधी त्याचे चारही कोपरे चाचपून पाहिले.